चहाच्या रंगाची चित्रं

बँकेत अडतीस वर्षं मी समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारत आलो : "कागदपत्रं पूर्ण आहेत का?" २०१८ च्या पावसाळ्यात तोच प्रश्न एका काउंटरच्या पलीकडून मला विचारण्यात आला, तेव्हा नियती नावाची बाई अगदीच विनोदबुद्धी नसलेली नाही, याची खात्री पटली.

काउंटर होतं कला महाविद्यालयाचं. प्रवेश खिडकीतल्या तरुण कारकुनाने माझी फाईल चाळली आणि म्हणाला, "बारावीची मार्कशीट दिसत नाही."

"बारावी झालेलीच नाही," मी म्हणालो.

"मग मुलाला प्रवेश कसा मिळणार, काका?"

"मुलाला नको आहे. मला हवा आहे. आणि आमच्या वेळी बारावी नव्हतीच. अकरावीची एसएससी होती. त्यानंतर मी बी.कॉम. झालो, तो कागद खाली आहे."

तो उठून आत गेला. दहा मिनिटांनी आतून तिघं जण बाहेर आले. त्यांना कागद पाहायचे नव्हते, मला पाहायचं होतं.

थोडं मागचं सांगायला हवं. आमचे वडील शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर मुनीम होते. मी आठवीत असताना, १९७१ साली, एलिमेंटरीची परीक्षा दिली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती असे पेपर. 'बी' ग्रेड मिळाली. ड्रॉइंगचे मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले, "इंटरमिजिएटला बसवा." वडिलांनी त्यांना चहा दिला, पान दिलं आणि पोहोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "त्यांच्या सदऱ्याची कॉलर बघितलीस?" कॉलर उलटून शिवलेली होती. विषय तिथे संपला. वडिलांवर माझा राग नाही. पाच माणसांचं घर त्या पगारात कसं चालायचं, हे मी पुढे स्वतः कर्जप्रकरणं तपासताना मनातल्या मनात मांडून पाहिलं आहे. ते गणित कुठल्याही बाजूने जमत नाही.

पुढे बँक लागली. बदल्यांच्या गावी, रात्री जेवण झाल्यावर, चार कादंबऱ्या लिहून झाल्या. लिहिण्याला कागद आणि पेन पुरतं, त्याने घरातली जागा अडत नाही, वास येत नाही. म्हणून मी लेखक झालो असेन, अशी शंका मला कधीकधी येते.

निवृत्त झालो त्याच उन्हाळ्यात प्रवेश परीक्षेला बसलो होतो. पुन्हा तेच वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, भरीला सामान्यज्ञान. सामान्यज्ञानाने मला तारलं. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीने पेपर सुरू होण्याआधी मला वाकून नमस्कार केला. तिला वाटलं, मी पर्यवेक्षक आहे.

कोल्हापूर हे तसं चित्रकारांचं गाव. शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून आले आणि १९३१ साली जाईपर्यंत इथेच राहिले. रंकाळ्याच्या परिसरात त्यांनी चितारलेलं पाणी अजून ओलं वाटतं. बाबूराव पेंटर पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. अशा गावात कुणी म्हातारा हातात बोर्ड घेऊन निघाला, तर लोक बघत नाहीत, असं मला वाटत होतं. लोक बघतात. आमच्या गल्लीतल्या एकाने विचारलंच, "नातवाचा प्रोजेक्ट का?"

वर्गात आम्ही बत्तीस जण. एकतीस जणांच्या वयांची सरासरी एकोणीस. ती सगळी मला 'काका' म्हणत, शिपाई 'साहेब' म्हणत, आणि आमच्या मॅडम — वय तेहतीस — मला 'सर' म्हणत. मी त्यांना 'मॅडम' म्हणे. "सर, तुमची कळशी वाकडी आहे." "हो मॅडम." असा आमचा संवाद चाले.

कळशीच्या तोंडाची लंबवर्तुळं सहा आठवडे काढली. बसायला डाँकी नावाचं बसकं बाकडं. त्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि पुढच्या उभ्या फळीला बोर्ड टेकवायचा. साठीतल्या गुडघ्यांना ते जनावर मानवत नाही. पहिल्या महिन्यात मी उठताना दोन मुलं न सांगता येऊन हात देत. दुसऱ्या महिन्यात मीच एकाला सांगितलं, की चित्र बिघडेल तेव्हा हात दे, उठताना नको.

बँकेचा मला एक अनपेक्षित फायदा झाला. आम्ही अधिकारी लोक दिवसाला शंभर-दीडशे सह्या नमुना सहीशी ताडून पाहत असू. रेघ कुठे दाबली आहे, कुठे हात अडखळला आहे, कुठे माणसाने सही 'केली' नसून 'काढली' आहे, हे डोळ्याला सवयीने कळतं. तीच नजर इथे उपयोगी पडली. एसटी स्टँडवर, कपिलतीर्थाच्या मंडईत बसून आम्ही झटपट रेखाटनं करायचो, दोन मिनिटांत एक माणूस. मला चेहरे जमत नसत, पण माणूस पिशवी कशी धरतो ते जमत असे. काउंटरपलीकडून मी वर्षानुवर्षं हातच तर पाहत होतो.

तोटा मात्र कादंबऱ्यांनी केला. दुसऱ्या वर्षी रचनाचित्र करायला सांगितलं. मी एका पेन्शनरांच्या रांगेचं चित्र केलं : एक म्हातारी पासबुक उलटं धरून उभी, मागे घड्याळ, घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं, काउंटरवर 'बंद'ची पाटी. मला वाटलं, झकास. मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हे चित्र मला वाचावं लागतंय."

चाळीस वर्षांत माझ्या लेखनावर कुणी इतकी नेमकी टीका केली नव्हती. आणि ही तर चित्रावर होती. मॅडमनी पुढचं वर्षभर मला चित्राला नाव द्यायची बंदी केली. माणूस नाही, घड्याळ नाही, पाटी तर मुळीच नाही. "नुसती भिंत काढा," म्हणाल्या. भिंत काढण्यात माझं एक सहामाही गेलं.

अशा वेळी माणूस सोबती शोधतो. मला दोन-तीन सापडले. भूपेन खक्कर हे बडोद्याला चार्टर्ड अकाउंटंट होते. अकाउंट्सची नोकरी करत करत ते चित्रकार झाले, हे वाचून मला घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या नेल पेंटर या विदुषी साठी उलटल्यावर कला महाविद्यालयात दाखल झाल्या, २००९ साली पदवी आणि २०११ साली पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि त्या अनुभवावर २०१८ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. बाईंचं आडनावच पेंटर; आमच्या गावात शोभलं असतं. आणि रवींद्रनाथ तर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला १९३० च्या मे महिन्यात भरलं, तेव्हा ते एकोणसत्तरीला टेकले होते. त्यांच्या चित्रांच्या अभ्यासकांनी असं म्हटलं आहे, की लाल आणि हिरव्या रंगांतला फरक त्यांना नीट जाणवत नसावा. हे वाचून मी तेव्हा "असं का!" म्हणून पान उलटलं. थांबायला हवं होतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कॉलेज बंद. मुलं मोबाईलवरून तास ऐकत, मी पत्नीच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर बोर्ड ठेवून खिडकीतून दिसेल ते काढू लागलो. दिसायचं काय? समोरची भिंत, पन्हळ, दोरीवरचे कपडे. दोरीवर बहुधा पत्नीची एक सुती साडी असे. ती मी तेरा वेळा काढली. वाऱ्याने फुगलेली, निथळणारी, चिमट्यांतून एका बाजूला सुटलेली. तेलरंग घरात वर्ज्य होते, टर्पेंटाइनच्या वासाने पत्नीचं डोकं चढे; म्हणून अॅक्रिलिक.

ही चित्रं लोकांना आवडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संगणकाच्या पडद्यावर ती पाहून "उबदार रंगसंगती" असा शब्द वापरला. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात एकाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. वर्गातली मुलं म्हणू लागली, "काकांची स्टाईल सापडली." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. साठ वर्षांच्या आयुष्याचा काहीतरी मुरलेला, पिकलेला रंग आपल्या हाताला लागला आहे, अशी माझी समजूत होती. एका दिवाळी अंकाला त्या आशयाचा एक परिच्छेद लिहूनही दिला होता. संपादकांनी तो जागेअभावी काढला, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

एकच माणूस नाराज होता. पत्नी म्हणाली, "अहो, सगळ्या चित्रांवर चहा सांडल्यासारखा का दिसतो?"

मी म्हणालो, "याला टोनॅलिटी म्हणतात."

ती म्हणाली, "असेल."

मॅडमनीही एकदा विचारलं होतं, की सर, निळा अजिबात नको आहे का तुम्हाला? मी म्हणालो, निळ्याची गरज भासत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. पण वयाचा मान म्हणून असेल, पुढे काही बोलल्या नाहीत. वयाचा मान हा शिकणाऱ्याचा शत्रू आहे. तेहतीस वर्षांची शिक्षिका एकोणीस वर्षांच्या मुलाला जे एका वाक्यात सुनावते, ते तिने मला दीड वर्षं सुनावलं नाही.

२०२१ च्या डिसेंबरात, शेवटच्या वर्षात, रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसू लागली म्हणून डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं. काम वीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोरच्या परिचारिकेचा गणवेश पांढरा होता. पांढरा म्हणजे काय, हे मी बहुधा दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. गणवेश चहाच्या रंगाचा. डावा झाकला, पांढरा. पुन्हा चहा. मी हे इतक्या वेळा केलं, की त्या बाईंनी विचारलं, "आजोबा, काही त्रास होतोय का?"

घरी आलो तर दोरीवर साडी होती. ती जांभळी होती. फिकट, निळसर जांभळी. जाईजुईच्या शेजारी शोभेल अशी.

"ही नवी कधी घेतलीस?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. तुम्हीच आणली होती, निवृत्तीच्या वेळी. हीच तर काढत असता तुम्ही."

मी तेराही चित्रं भिंतीला टेकवून मांडली आणि एका डोळ्याने पाहिली. साडी मातकट करड्या रंगाची. भिंत काकवीच्या रंगाची. आभाळसुद्धा मळलेलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि प्रकाशातला निळा भाग अडवतं. बदल इतका सावकाश, की मेंदू जमवून घेतो, माणसाला पत्ता लागत नाही. वाचक विचारतील, आणि मीही विचारलं, की साडी आणि रंग दोन्ही मी त्याच डोळ्याने पाहत होतो, तर चूक व्हावी का? उत्तर असं, की पिवळ्या काचेतून फिकट जांभळा आणि मळका करडा हे दोन्ही सारखेच दिसतात. मला करडा दिसला, मी करडा कालवला, माझ्या डोळ्यांपुरता तो बरोबर जुळला. बाकी जगाच्या डोळ्यांत मात्र साडी एक आणि चित्र भलतंच. ताळेबंद जुळतो आणि तरीही हिशेब खोटा असतो, असं कधीकधी बँकेतही होतं.

क्लोद मोनेचंही असंच झालं होतं. मोतीबिंदूच्या वर्षांत त्याची कमळं आणि बाग लाल-तपकिरी होत गेली. १९२३ साली, बयाऐंशी वर्षांचा असताना, त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग सगळंच फार निळं दिसतं अशी तो तक्रार करू लागला. त्याच्या वेळी डोळ्यात नवं भिंग बसवण्याची सोय नव्हती. पण मोने आधीपासून मोने होता. माझ्याजवळ गमावण्यासारखं एवढंच होतं : 'काकांची स्टाईल'.

दीड महिन्याने दुसरा डोळा झाला. त्या अवधीत मी एक वेडेपणा केला. तेरांपैकी सर्वांत आवडतं, बक्षीस मिळालेलं चित्र घेतलं आणि साडी जांभळी करायला बसलो. साडी जांभळी झाली. मग भिंत तिच्याशी भांडू लागली, म्हणून भिंत बदलली. मग पन्हळ. चौथ्या दिवशी चित्र असं दिसू लागलं, की जणू कुणी पाटी रंगवायला घेऊन अर्ध्यात पैसे थकले म्हणून सोडून दिली आहे. ते घेऊन मॅडमकडे गेलो. आपली बाकीची बाराही अशीच दुरुस्त करून अंतिम परीक्षेला ठेवावीत का, हे विचारायचं होतं.

मॅडमनी सगळं ऐकलं. आता मात्र वयाचा मान ठेवला नाही. म्हणाल्या, "ज्या डोळ्यांनी ही काढली ते डोळे आता तुमच्याकडे नाहीत. दुसऱ्याच्या चित्रावर हात टाकायचा नसतो, सर. ही बाजूला ठेवा आणि नवीन काढा."

"परीक्षेला चार महिने आहेत."

"मग तीन वाया घालवू नका."

नवी काढली. ती कशी होती सांगू? निळी. भडक निळी. उधळपट्टी करणाऱ्या वारसदारासारखा मी वागलो. भिंतीवर निळं, सावलीत निळं, पत्नीच्या पांढऱ्या केसांत निळं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, की तुमच्या आधीच्या कामातला संयम कुठे गेला? मी म्हणालो, "ऑपरेशन करून काढला." ते हसले नाहीत. मला अठ्ठावन्न टक्के पडले. पहिला वर्ग दोन टक्क्यांनी हुकला. २०२२ च्या पदवीदानात मी झगा घालून रांगेत उभा होतो, पुढे-मागे बावीस-तेवीस वर्षांची मुलं. पत्नीने फोटो काढला, त्यात माझं बोट कानात आहे.

प्रदर्शन २०२४ च्या जानेवारीत केलं. मुंबईच्या जहांगीरची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते; माझ्या वयाला असल्या मुदत ठेवी परवडत नाहीत. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं कलादालन पाच दिवसांसाठी घेतलं. जन्माची खोड म्हणून जमाखर्च मांडला : सर्वांत मोठा खर्च भाड्याचा नाही, फ्रेमचा. त्याखालोखाल छापील पत्रिका. चहा तिसरा. विकली गेली तीन चित्रं, त्यांतलं एक माझ्या जुन्या हेडकॅशियरने घेतलं. त्याने पैसे मोजून दिले आणि मला परत मोजायला लावले.

मांडणीवरून मॅडमचं आणि माझं वाजलं. मला जुनी बारा लावायचीच नव्हती. लोकांना फसवल्यासारखं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, लावा, आणि त्याखाली काही लिहू नका. शेवटी डाव्या भिंतीवर जुनी, उजवीकडे नवी, आणि कुठेही खुलासा नाही. मला नावं द्यायची बंदी अजून उठलेली नव्हतीच.

पाच दिवस मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होतो. लोक आत येत, उजव्या भिंतीवरून भराभर पुढे जात आणि डाव्या भिंतीपाशी रेंगाळत. विकली गेलेली तिन्ही डावीकडची. अभिप्रायाच्या वहीत 'शांत', 'खोल', 'जुन्या कोल्हापूरची आठवण' असे शब्द. सगळे डाव्या भिंतीला. एका गृहस्थांनी लिहिलं होतं : "१९९४ साली आपण माझा कर्जाचा अर्ज नामंजूर केला होता. चित्रे उत्तम." सही ओळखीची वाटली. प्रकरणही आठवलं. जामीनदार नव्हता.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी डाव्या भिंतीवरची चित्रं एकेक जवळून पाहिली आणि मग बोट दाखवत म्हणाले, "हे आधीचं, हे त्यानंतरचं, आणि हे शेवटचं. बरोबर?" मी मागच्या बाजूला पेन्सिलीने घातलेल्या तारखा पाहिल्या. एका जोडीचा क्रम तेवढा चुकला होता. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या खो खो हसल्या. डॉक्टरही हसले, आणि मग मीही.

बिघडवलेलं तेरावं चित्र मी प्रदर्शनात ठेवलं नव्हतं. घरी माळ्यावर टाकलं होतं. परत आलो तर पत्नीने ते खाली काढून स्वयंपाकघरात, मिक्सरच्या वर, खिळा ठोकून लावलेलं. मी म्हणालो, हे फसलेलं आहे. ती म्हणाली, "एवढ्यांत माझी साडी ओळखू येते ते हेच." त्यावर फोडणीचे दोन शिंतोडे उडाले आहेत. पुसू देत नाही.

आता रोज सकाळी दोन तास काढतो. निळ्याचा हात अजून आवरत नाही. पूर्वी अल्ट्रामरीनची ट्यूब मला वर्षभर पुरायची, हल्ली महिना पुरत नाही. रंगांच्या दुकानातला पोरगा मला लांबूनच ओळखतो. परवा मी पायरी चढायच्या आतच त्याने आतून आवाज दिला, "काका, निळा संपलाय! सोमवारी या."